अँजिओत नळ्या स्वच्छ निघाल्या, तरी आईला अटॅक कसा? घरचे म्हणायलेत ‘मनाचं दुखणं’

औसा_रोड_42

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातून लिहितोय. आईबद्दल विचारायचं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आईचं माहेर सास्तूरच्या बाजूचं. 1993 ला गणपतीसाठी ती माहेरी गेलती. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलं आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार-पाच मिनिटं कमी असताना, जमीन हलली. माळवदाचं घर, दगडमातीच्या हातभर रुंद भिंती. आई तेवढ्यात उठून अंगणात गेलती म्हणून वाचली. आजी आणि धाकटा मामा आत राहिले. हे ती माझ्याशी आजवर दोनदाच बोललीय, दोन्ही वेळा भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता.

तेव्हापासून ती दाराशी झोपते आणि दार उघडं ठेवते. थंडी असो, कुत्री आत येवोत. चुलत्यांचं आणि तिचं या दारावरून तीस वर्षांचं भांडण आहे. रात्री उठून ते कडी लावतात, पहाटे बघावं तर दार उघडं.

गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास जमिनीतून गुडगुड आवाज आला. आमच्याकडं असे आवाज अधूनमधून येतात. लोक रस्त्यावर येतात, दुसऱ्या दिवशी तहसीलची गाडी येते, ‘घाबरू नका’ सांगून जाते. यावेळी भांडंसुद्धा पडलं नाही. पण आई अंगणात पळाली आणि तासभर नुसती थरथरत उभी. दातावर दात वाजायलते. सकाळी सहाला छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं, डावा हात जड, पदर घामानं पिळून काढावा इतका ओला.

लातूरला नेलं. ईसीजी बघून त्यांची धावपळ, रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं, ‘अटॅकच आहे, लगेच अँजिओ’ म्हणाले. मी सही केली. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले, ‘नळ्या एकदम स्वच्छ, एकपण ब्लॉक नाही.’ हसावं का रडावं कळंना. मग इको केला तर पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त फेकायची ताकद, 35 टक्के. हृदयाचं खालचं टोक हलतच नव्हतं, फुग्यासारखं फुगलं होतं. डिस्चार्ज कार्डावर ‘टाकोत्सुबो’ लिहिलंय. हे काय म्हणून विचारलं तर राउंडवरचे डॉक्टर चालता चालता म्हणाले, ‘टेन्शननं होतं. टेन्शन देऊ नका त्यांना.’ झालं समजावणं.

चुलत्यांनी घरी तेवढं एकच वाक्य नेलं. आता भावकीत सगळे म्हणायलेत, नळ्या चांगल्या निघाल्या म्हणजे मनाचं दुखणं. आवाज सगळ्या गावानं ऐकला, मग हिलाच कसं झालं? परवा ‘नाटक’ हा शब्दही निघाला. आई चुलीजवळ होती, तिनं ऐकलं. तेव्हापासून गोळ्या घेताना ती आमच्याकडं पाठ करून घेते.

माझं विचारणं एवढंच. मेंदूत जे होतं त्यानं हृदयाचं मांस खरंच बंद पडतं का? मी बीकॉम आहे, आडतीवर हिशोब लिहितो, तेव्हा मला झेपेल असं सांगा.

बाप्पा_बीडकर

बाप्पा, काळजी नका करू. आमच्या मेहुण्याला पण असंच झालतं. सगळे रिपोर्ट क्लिअर. शेवटी गॅस निघाला. गरम पाण्यात ओवा आणि काळं मीठ द्या, सकाळ-संध्याकाळ.

औसा_रोड_42

दादा, गॅसनं पंपिंग 35 वर येतं का?

बाप्पा_बीडकर

ते वाचायचं राहिलं माझं. माघार घेतली. माऊलीला सांभाळा.

काजळीचा_ढोल

ओवा खाली ठेवला ते बरं केलंत बीडकर.

मी डॉक्टर नाही. एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं टेक्निशियन होतो. बेडूक आणणं, रिंगरचं द्रावण म्हणजे हृदय जगवायचं खारं पाणी करणं, फिरत्या ढोलावर चकचकीत कागद चढवून त्याला काजळी धरणं, ही कामं माझी. घरी गेल्यावर बायको आधी माझे कान बघायची, काजळी तिथं बसायची. आता बेडूक बंद झाले, पोरं संगणकावर बघतात. पण त्या ढोलावर जे मी शेकडो वेळा पाहिलं, त्यातच तुमच्या चुलत्यांचं उत्तर आहे.

बेडकाचा मेंदू आणि मज्जारज्जू आधीच निकामी केलेला असायचा. छाती उघडली की हृदय आपलं चालूच. नसा कापा, उचलून बशीत ठेवा, वर रिंगरचे थेंब टाकत राहा, तरी ठोके देत राहतं. पहिल्या वर्षाची पोरं दंगा करत आत यायची आणि ती बशी बघून गप्प व्हायची. म्हणजे चालायला हृदयाला मेंदू लागत नाही. माणसाच्या हृदयात उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, ठोक्याची सुरुवात तो करतो. त्याला कुणी अडवलं नाही तर मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल.

मग तुम्ही आडतीवर गादीला टेकून बसलेले असता तेव्हा नाडी 70-75 कशी? मेंदूनं कासरा ओढून धरलेला असतो म्हणून. तो कासरा म्हणजे व्हेगस नावाची नस, मेंदूच्या देठातून निघते, मानेतून छातीत उतरते. बैल स्वतःच्या पायानं चालतो, त्याला ढकलावं लागत नाही, पण वेग कासऱ्यावर. आणि आसूड वेगळा. पाठीच्या कण्यातून हृदयाकडं येणाऱ्या सिंपथेटिक नसा म्हणजे आसूड. दुसऱ्याचं हृदय बसवतात तेव्हा या दोन्ही नसा तुटलेल्या असतात, त्यामुळं त्या माणसाची नाडी झोपेतसुद्धा जलद राहते. डिसेंबर 1967 मध्ये केप टाउनला ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय पहिल्यांदा बदललं. असलं बिनकासऱ्याचं हृदय जिवंत माणसात बघायला मिळालं ते तेव्हापासून.

आता ढोलाकडं या. हृदयाच्या टोकाला आकडा, आकड्याला दोरा, दोऱ्याला काडी. काडीचं टोक काजळीवर पांढरी रेघ ओढत जायचं, ज्वारीची धाटं ओळीनं उभी असावीत तशी. मग सर व्हेगसला विजेचा बारीकसा झटका द्यायचे आणि रेघ एकदम आडवी. हृदय थांबलेलं. कुणीतरी हळूच ‘मेलं’ म्हणायचं. झटका चालू असतानाच थोड्या वेळानं एक धाट उभं राहायचं, मग दुसरं. नस ओढत असतानाही हृदय आपलं आपण सुटून चालायला लागतं. हा भाग मला कधी जुना झाला नाही.

ही नस हृदयाशी बोलते कशी, हे ऑस्ट्रियात ग्राझ इथं ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये दाखवलं. दोन बेडकांची दोन हृदयं. पहिल्याच्या व्हेगसला झटका दिला, ते मंदावलं. त्याच्यातलं द्रावण दुसऱ्यावर घातलं, तर तेही मंदावलं. दुसऱ्याला नस जोडलेलीच नव्हती. म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. प्रयोगाची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली असं लोवी सांगत. उठून चिठ्ठी लिहिली, सकाळी स्वतःचं अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री परत तेच सुचलं, तेव्हा ते चिठ्ठीच्या भानगडीत न पडता थेट प्रयोगशाळेत गेले. हेन्री डेल यांच्याबरोबर 1936 चं नोबेल मिळालं. चुलत्यांना सांगा, तुम्ही ज्याला मन म्हणता त्याचा हुकूम हृदयापर्यंत पोचतो तेव्हा तो बाटलीत भरून ठेवता येतो. हवेतलं काही नाही.

आता आईचं. कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एकेक भाग असतो. नावच अमिग्डाला, ग्रीकमध्ये बदाम. कशापासून जीव वाचवायचा याच्या खुणा तो जपून ठेवतो. विचार करणारा मेंदू ‘खदानीतला सुरुंग असेल’ असं म्हणेपर्यंत या बदामानं खाली निरोप धाडलेला असतो. कासरा सुटतो, पुढच्या ठोक्यालाच फरक. आसूड दोन-चार सेकंदांनी पडतो. आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात ते त्याच्याही मागून येतं, पण लवकर जात नाही. आई तासभर थरथरत होती ती यामुळं. ‘सगळ्या गावानं ऐकलं’ हे खरंच. पण गावानं आवाज ऐकला, आईनं माळवद ऐकलं.

कधीकधी हा लोंढा इतका मोठा येतो की हृदयाच्या टोकाकडचं मांस बधिर होतं. टोकाकडं अ‍ॅड्रेनलिन धरणाऱ्या जागा दाट असतात, म्हणून तोच भाग आधी सापडतो, असं मानतात. वरचा भाग जोरात आवळतो, खालचा फुगून राहतो. 1990 च्या सुमारास जपानमध्ये हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला टाकोत्सुबो नाव दिलं. ते तिकडचं ऑक्टोपस धरायचं मडकं, गळा अरुंद, बूड फुगीर. आपल्या देवघरातला चंबू बघा, तोच आकार. हे बहुतेक पाळी गेलेल्या बायकांत दिसतं, दहात नऊच्या आसपास.

आणि भूकंपाचं म्हणाल तर, जपानात निगाता भागात 2004 मध्ये आणि न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला 2011 मध्ये, भूकंपानंतर असे रुग्ण एकदम वाढल्याची नोंद आहे. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, लॉस एंजेलिसजवळ असाच पहाटे भूकंप झाला. त्या दिवशी तिथं हृदय अचानक बंद पडून जी माणसं गेली ती रोजच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होती. ढिगाऱ्याखाली न सापडलेली माणसं. आपल्याकडं त्या पहाटे कोण कशानं गेलं हे वेगळं मोजायला कुणाला उसंत होती?

डबल_बेल

काजळीवाले काका, मानलं तुम्हाला. मी एसटीत कंडक्टर. दोन वर्षांपूर्वी धारूरच्या घाटात गाडी भरलेली असताना छाती अशी धडधडली की तिकिटाचं मशीन हातातून पडलं. वाटलं संपलं. एका महिन्यात तीनदा ईसीजी, तिन्ही नॉर्मल. चौथ्या डॉक्टरनं सांगितलं पॅनिक आहे, म्हणजे भीतीचा झटका. आता बरं आहे. पण तेव्हापासून एक डोक्यात राहिलंय. आधी भीती वाटते म्हणून छाती धडधडते, की छाती धडधडते म्हणून भीती वाटते? मला तर घाटात भीतीचं काहीच आठवत नाही, आधी छातीच उडाली.

काजळीचा_ढोल

या प्रश्नावर मोठमोठे भांडलेत. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स 1884 मध्ये म्हणाले, आधी शरीर उडतं आणि ते उडणं कळणं म्हणजेच भीती. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये त्यांना खोडलं. मेंदूकडं जाणाऱ्या बातम्या तोडल्या तरी जनावर फिस्कारतं, शिवाय ताप आला तरी छाती धडधडतेच, मग ताप आणि भीती वेगळी कशी कळते? आज दोघांचं थोडं थोडं धरतात. व्हेगसमधले बहुतेक धागे खालून वर जाणारे आहेत, हुकूम नेणारे कमी, बातमी आणणारे जास्त. तुमच्या छातीनं बातमी पाठवली, वर मेंदूनं तिचा अर्थ ‘मरतोय’ असा लावला, त्या अर्थानं छाती आणखी उडाली. गाडीत उकाडा असेल, पोटात अन्न नसेल, सुरुवात कशानंही होते.

डबल_बेल

सकाळी नुसत्या चहावर निघालतो. बरोबर पकडलं.

रात्रपाळी_नांदेड

मी आयसीयूत सिस्टर आहे. काकांनी छान सांगितलं, आता मी जरा कडक बोलते, राग मानू नका.

‘नाटक’ हा शब्द मी वॉर्डाच्या दारात फार ऐकलाय, आणि नव्वद टक्के वेळा बाईबद्दलच. आकडा माझ्या रागाचा आहे, रजिस्टरमधला नाही. दादा, ट्रोपोनिन रडून वाढत नाही. हृदयाच्या मांसाला इजा झाली तरच रक्तात येतं. आणि इकोच्या मशीनला कुणाचं मन दिसत नाही, भिंत हलते की नाही तेवढं दिसतं. डिस्चार्ज कार्डावरचा 35 चा आकडा चुलत्यांना बोट ठेवून दाखवा. साधारण 55 च्या वर असायला पाहिजे.

हा आजार ‘बरा होतो’ म्हणून हलका नाही. पहिल्या काही दिवसांत फुप्फुसात पाणी होऊ शकतं, ठोके बिघडू शकतात, फुगलेल्या टोकात रक्ताची गाठ धरू शकते. बहुतेकांचं पंपिंग काही आठवड्यांत जागेवर येतं, म्हणूनच परत इको करायला सांगतात. तो चुकवू नका. गोळ्या मनानं बंद करू नका, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तर अजिबात नको. थोड्या जणांना हे परत होतं. परत छाती दुखली तर ‘मागच्यासारखंच असेल’ म्हणत घरी बसायचं नाही. खरा ब्लॉक आणि हे, दोन्ही बाहेरून एकसारखेच दिसतात, आम्हालाही ईसीजीवरून सांगता येत नाही.

आणि ते ‘टेन्शन देऊ नका’. त्याचा घरी अर्थ काय होतो? बाईला काही सांगायचं नाही, तिच्यासमोर कुजबुजायचं. त्यानं जास्त त्रास होतो. आईला हे चंबूचं सगळं सांगा. तिच्या भीतीसाठी वेगळा माणूस लागेल, मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असतो, आणि टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

एक घरी करून बघण्यासारखं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. आत घेताना नाडी थोडी पळते, सोडताना मंदावते. सोडताना कासरा ओढला जातो, काकांच्या भाषेत. तरुण माणसात जास्त कळतं, वय वाढलं की कमी. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला की हा झोका चांगला बसतो. इटलीतल्या काही डॉक्टरांनी 2001 मध्ये छापलं होतं की जपमाळ ओढताना आणि मंत्र म्हणताना श्वास आपोआप त्या लयीत येतो. आई माळ ओढत असेल तर ओढू द्या. पण माळ गोळीच्या जागी नाही. गोळी घेऊन मग माळ.

औसा_रोड_42

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, सोयाबीनची आवक सुरू झाली, मान वर करायला वेळ नव्हता.

आईला चंबूचं सांगितलं. देवघरातला चंबू आणून समोरच ठेवला. तिनं तो हातात घेऊन उलटा केला, बूड बघितलं आणि विचारलं, ‘मग आता परत सरळ होतो का?’ सहा आठवड्यांनी इकोत कळेल म्हणालो. ती म्हणाली, ‘म्हंजे मी खोटं नव्हते करत.’ मला माहीतच नव्हतं की तिलाही तसं वाटायलं होतं.

माळेचं करून बघितलं. बसली तेव्हा नाडी 84 होती, माळ संपली तेव्हा 74. गोळीचा वाटा असेल त्यात, सिस्टर, सकाळची गोळी घेतलेली होती. श्वासाबरोबरचा फरक तिच्या हातात मला नीट कळला नाही, माझ्या स्वतःच्या हातात मात्र चांगला कळला.

चुलत्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवलं. 35 वर बोट ठेवलं, बेडूक सांगितला, जपान सांगितलं. ते ‘हां, हां’ म्हणत तंबाखू मळत बसले. मी नाद सोडला. काल संध्याकाळी आई ओट्यावर बसलेली, नाडी धरायची म्हणून मी घड्याळ शोधायला आत गेलो आणि चुलत्यांना म्हणालो, तेवढं मनगट धरून ठेवा, जागा सापडलीय, परत शोधायला लागेल. त्यांनी धरलं. तेवढ्यात खदानीत सुरुंग उडाला. रोजचाच, सव्वासहाचा. आईनं तोंडातून शब्द काढला नाही, मानसुद्धा वळवली नाही. मी बाहेर आलो तर चुलते तिच्या मनगटाकडं बघत होते. ‘केवढं उडायलंय रे,’ एवढंच म्हणाले. बराच वेळ हात सोडला नाही.

रात्री अकराला मी पाणी प्यायला उठलो. चुलते दाराशी होते. वाटलं कडी लावायलेत. त्यांनी दार पूर्ण उघडलं, वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली एक वीट सरकवली आणि कुत्री येऊ नयेत म्हणून उंबऱ्यात आडवी काठी ठेवून झोपायला गेले.

परत इको पुढच्या महिन्यात सोमवारी आहे. पंपिंग किती आलं ते इथं टाकतो.